पुण्यात परवडणारं घर कसं शोधायचं: सोलापुरातून निघणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी

पुण्यात परवडणारं भाड्याचं घर मिळतं, पण ज्याला चार दिवस थांबता येतं त्याला मिळतं. हातात बॅग, सोमवारी जॉइनिंग आणि रविवारी रात्री टेकायला जागा नाही, अशा पोराला समोर येईल ती खोली मागतील त्या भाड्याला घ्यावी लागते. एजंटला आणि मालकाला ती घाई चेहऱ्यावर दिसते. म्हणून घराच्या आधी थांबायची सोय शोधा. बाकीचं सगळं त्यानंतर.

मी सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका युनिटमध्ये सुपरवायझर आहे. आमच्याकडे शिलाईला, काजाबटनाला, इस्त्रीला असणाऱ्या बायकांची मुलं आता डिप्लोमा, इंजिनिअरिंग, नर्सिंग, बी.कॉम. करून पुण्याला निघतात. माझी मुलगी खराडीला नोकरीला आहे, भावाचा मुलगा चाकणला. आधी या दोघांसाठी घरं बघितली. मग युनिटमधल्या बायका म्हणू लागल्या, "ताई, आमच्या पोरासंगं पण चला की." तेव्हापासून जाते. दत्तनगरच्या, अशोक चौकाच्या, विडी घरकुलच्या घरांतून पहिल्यांदाच कुणीतरी शहराबाहेर राहायला निघालेलं असतं. त्या आईबापांना विचारायला कुणी नसतं, म्हणून हे लिहून ठेवते.

पहिला महिना घर घेऊ नका

गेल्या गेल्या ११ महिन्यांच्या ॲग्रीमेंटवर सही करू नका. पहिला महिना कॉट बेसिसवर किंवा पीजीत, म्हणजे पेइंग गेस्ट म्हणून राहा. कॉट बेसिस म्हणजे एका खोलीत दोन-चार कॉट, आपली एक कॉट आणि एक कपाट. डिपॉझिट बहुतेक ठिकाणी एका महिन्याचं असतं आणि महिनाभराच्या नोटिशीवर सोडता येतं. नातेवाइकांकडे आठ दिवस राहता आलं तर उत्तमच, पण मावशीचं घर सिंहगड रोडला आणि कंपनी हिंजवडीला असेल, तर मुलाचे ते आठ दिवस बसमध्येच जातील.

यामागे पैशाचं कारण आहे. समजा फ्लॅटचं भाडं १२,००० आहे. पुण्यात डिपॉझिट साधारण दोन ते तीन महिन्यांचं मागतात, म्हणजे २४ ते ३६ हजार. एजंट असेल तर एका महिन्याच्या भाड्याएवढं त्याचं कमिशन. पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ. ॲग्रीमेंटचा खर्च वेगळा. पहिला पगार हातात पडायच्या आधी पन्नास-साठ हजार बाहेर जातात. आमच्या बायका त्यासाठी बचत गटातून किंवा आठवड्याच्या हप्त्याच्या फायनान्सवाल्यांकडून उचल घेतात, आणि मुलगा पुण्यात स्थिरस्थावर होईपर्यंत इकडे आई हप्ते फेडत बसते. हे मला बघवत नाही. कॉट बेसिसवर एखादा पगार हातात येऊ द्या, सोबत राहायला दोन माणसं मिळू द्या, मग डिपॉझिट तिघांत वाटलं जाईल.

घर बघायला हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचा बेत बरेच पालक करतात. गाडी सकाळी साडेसहाच्या सुमारास सोलापुरातून निघते, साडेदहाच्या आसपास पुण्यात पोहोचते आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास परतीला लागते. कॉलेजच्या ॲडमिशनला ही सोय छान आहे, घर बघायला नाही. दुपारी बारा ते चार या वेळात मालक नोकरीवर असतो, नळाला पाणी नसतं, शेजारी दारं लावून झोपलेले असतात आणि रस्ता मोकळा असतो. घराचे खरे गुण-अवगुण सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते दहा या वेळात कळतात. म्हणून एक रात्र तिथं काढायची तयारी ठेवूनच जा.

जून ते ऑगस्ट कॉलेजं उघडतात, कंपन्यांच्या नव्या बॅचेस येतात. तेव्हा भाव चढलेले असतात आणि मालक मोजून-मापून बोलतो. तेवढ्यातच जावं लागणार असेल, तर कॉट बेसिसचा मुक्काम दोन-तीन महिन्यांवर नेलेला बरा.

भाडं नव्हे, महिना मोजा

आमच्या धंद्यात एका शर्टाचं कॉस्टिंग काढतात. कापड कितीचं, धागा, बटन, कॉलरचं कॅनव्हास, शिलाई, इस्त्री, पिशवी. नुसत्या कापडाच्या भावावर ऑर्डर घेतली तर युनिट बुडेल. घराचंही असंच कॉस्टिंग कागदावर काढायला मी प्रत्येक मुलाला बसवते.

एक उदाहरण मांडते. नोकरी खराडीच्या आयटी पार्कात आहे आणि दोघी मैत्रिणी मिळून घर घेणार आहेत. चंदननगरला वन बीएचके १७,००० ला मिळतंय, मेंटेनन्स धरून. म्हणजे एकीला ८,५००. दुसरं घर वाघोलीच्या पुढं केसनंद रोडला, भाडं १२,०००, एकीला ६,०००. अडीच हजार वाचतात असं वाटतं. आता पुढचे आकडे लिहा. दुसऱ्या घराचं मेंटेनन्स १,५०० वेगळं, एकीचे ७५०. स्कूटीवर येऊन-जाऊन वीस-बावीस किलोमीटर, महिन्यात २५ दिवस, म्हणजे साधारण ५५० किलोमीटर. लिटरला ४५ चं ॲव्हरेज आणि पेट्रोल १०५ च्या आसपास धरलं तरी तेराशे रुपये. वाचलेल्या अडीच हजारांतले उरले साडेचारशे. त्या साडेचारशेसाठी रोज वाघोलीच्या कोंडीत तास-दीड तास, पावसाळ्यात भिजणं, आणि कंटाळून आठवड्यातून दोनदा रिक्षा केली की तेही गेले.

दूरचं घर नेहमीच महाग पडतं असं मी म्हणत नाही. बस थेट असेल तर हिशेब उलटतो. पीएमपीचे, म्हणजे पुण्याच्या शहर बसचे, दर जून २०२५ मध्ये वाढले तेव्हापासून दिवसाचा पास ७० रुपये आणि महिन्याचा १,५०० रुपये आहे. तो दोन्ही महापालिकांच्या हद्दीत चालतो. पासवर जाणाऱ्याला दहा किलोमीटर आणि पंधरा किलोमीटर सारखेच. फक्त बस किती वेळाने येते आणि रात्री शेवटची किती वाजता असते, हे स्टॉपवर उभ्या असलेल्या माणसांना विचारा.

रात्रपाळी असेल तर कंपनीची कॅब कुठपर्यंत सोडते हे एचआरला आधी विचारून घ्या. कॅबची हद्द ठरलेली असते. तिच्या आत घर घेतलं तर येण्या-जाण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर येतो, आणि मुलीच्या बाबतीत आईचा जीव थाऱ्यावर राहतो. माझ्या मुलीचं घर आम्ही याच एका गोष्टीवरून ठरवलं.

कोणत्या बाजूला शोधायचं

सोलापूरकर हडपसरच्या बाजूला ओढला जातो, त्याला कारण आहे. आपला महामार्ग इंदापूर, भिगवण, यवत, उरुळी कांचन, लोणी काळभोर असा येतो आणि पुण्यात शिरतो तो हडपसरमध्ये. एसटी किंवा ट्रॅव्हल्स गाडीतळाला सोडते, स्वारगेटपर्यंत जायलाच नको. आजोबा आजारी पडले, गड्ड्याच्या जत्रेला यायचंय, तर रात्री कामावरून सुटून गाडीतळाला उभं राहिलं की झालं. मगरपट्टा, फुरसुंगीचा आयटी पार्क, हडपसरची इंडस्ट्रियल इस्टेट, मुंढवा, खराडी इथं काम असेल तर मांजरी, शेवाळवाडी, भेकराईनगर, फुरसुंगी ही बाजू बघा. दौंड–पुणे डेमू गाड्या मांजरी, लोणी, उरुळी, यवतला थांबतात. स्टेशनजवळ काम असणाऱ्यांनी त्यांच्या वेळा बघाव्यात. उरुळी कांचनसारख्या गावात खोली पुण्यापेक्षा बरीच कमी भाड्यात मिळते.

पण नोकरी हिंजवडीला असेल तर हडपसरचा मोह सोडा. "तिथं आपले सोलापूरचे लोक आहेत" एवढ्यावर अख्खं शहर रोज दोनदा ओलांडू नये. हिंजवडीसाठी माण, मारुंजी, ताथवडे, पुनावळे, थेरगाव, काळेवाडी, रहाटणी. चाकण आणि भोसरी एमआयडीसीसाठी मोशी, चिखली, आळंदी. पिंपरी-चिंचवडला काम असणाऱ्याने लोणावळा लोकलचा विचार करावा, देहूरोड-तळेगावपर्यंत भाडी उतरत जातात. स्पर्धा परीक्षेची मुलं सदाशिव पेठ, नवी पेठ सोडायला तयार नसतात, कारण अभ्यासिका आणि मेस तिथंच आहेत. त्यांना मी सांगते, अभ्यासिका पेठेत ठेवा, कॉट धनकवडी-कात्रजकडे बघा. स्वारगेटहून त्या बाजूला बसची रांग लागलेली असते.

विद्यार्थ्यांच्या पालकांनी खोली शोधण्याआधी सरकारी वसतिगृहांचे अर्ज भरावेत, हे मी पुन्हा पुन्हा सांगते. अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात शिकणाऱ्याला तिच्यातून वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम्, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना, आर्थिकदृष्ट्या मागास घरांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. प्रत्येकीच्या अटी आणि तारखा वेगळ्या असतात. समाजकल्याण खात्याचं कार्यालय सोलापुरातही आहे, तिथं जाऊन विचारा. आमच्या युनिटमध्ये कितीतरी घरं अशी आहेत की हक्काची योजना असताना खोलीचं भाडं आई ओव्हरटाइम करून भरते.

कुठून शोधायचं आणि कुणाला विचारायचं

सगळ्यात स्वस्त मिळते ती चालू फ्लॅटमधली एक जागा. तिघे राहतायत, एकाची बदली झाली, त्याची जागा रिकामी झाली. इथं एजंट नाही, गॅस-फ्रीज-वॉशिंग मशीन आधीच आहे, डिपॉझिट आपल्या वाट्याचंच. अशा जागा कंपनीतल्या ग्रुपवर, कॉलेजच्या सीनियर मुलांकडे कळतात. म्हणून जॉइनिंग लेटर आलं की त्याच दिवशी आपल्या कॉलेजच्या दोन वर्षं पुढच्या मुलांना फोन लावा. संकोच करू नका, त्यांनाही कुणीतरी असंच मदत केलेली असते. मात्र तिथं राहायला गेल्यावर ॲग्रीमेंटमध्ये आपलं नाव घालून घ्यायचं आणि मालकाला भेटायचं. नाव नसलेला माणूस तिथं पाहुणा असतो. भांडण झालं की त्यालाच आधी बाहेर पडावं लागतं.

त्याच्या खालोखाल चांगल्या म्हणजे गावठाणातल्या मालकांच्या इमारती. मांजरी, फुरसुंगी, वाघोली, मोशी, माण इथल्या मूळ गावकऱ्यांनी आपल्या जागेवर तीन-चार मजले चढवलेत. खाली मालक राहतो, वर वन आरके, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, आणि सिंगल रूम. लिफ्ट नसते, रंग जुना असतो, पण सोसायटीचं मेंटेनन्स नसतं, बॅचलर चालतात, आणि मालकीणबाई आजारपणात वरणभात पाठवतात हेही मी बघितलंय. या खोल्या कुठल्या ॲपवर नसतात. "रूम भाड्याने देणे आहे" अशी पाटी गेटवर असते, नाहीतर किराणा दुकानदार, इस्त्रीवाला, मेसवाल्या मावशी यांना ठाऊक असतं. मी गल्लीत शिरले की आधी किराणा दुकानात काहीतरी घेते आणि मग विचारते. दुकानदार मालकाचा स्वभावही सांगतो, पाण्याचंही खरं सांगतो.

अशा इमारतीत विजेचं नीट बघा. बऱ्याच ठिकाणी महावितरणचा एकच मीटर आणि आत सबमीटर असतात. चार खोल्यांची युनिटं एका बिलावर आली की बिल वरच्या टप्प्यात जातं आणि मालक युनिटला आपला दर लावतो. दर किती, रीडिंग कोण घेतं, हे आधी ठरवा. स्वतंत्र मीटर असेल तर मालकाकडून १२ आकडी ग्राहक क्रमांक घ्या आणि मागची थकबाकी नाही ना हे महावितरणच्या ॲपवर बघा.

नोब्रोकर, मॅजिकब्रिक्स, हाउसिंग या साइट भावाचा अंदाज घ्यायला चांगल्या. सोलापुरात बसून आठ-दहा दिवस रोज बघा, म्हणजे त्या भागात वन बीएचके कितीपासून सुरू होतो हे डोक्यात बसतं. पण सोलापुरातून पैसे पाठवू नका. "मी फौजी आहे, बदली झाली, घर तुमच्यासाठी राखून ठेवतो, टोकन पाठवा", "गेट पासचे पैसे भरा, परत मिळतील", असे फोन येतात. फोटो सुंदर, भाडं फारच कमी, आणि घर दाखवायला कुणी नाही. पैसे मिळवण्यासाठी कधीही क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिन टाकावा लागत नाही, हे मुलांना आणि स्वतःलाही बजावून ठेवा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

एजंट वाईटच असतात असं नाही. नवीन भागात, वेळ कमी असताना चांगला एजंट चार फेऱ्या वाचवतो. कमिशन किती आणि कधी द्यायचं, हे पहिलं घर बघायच्या आधी बोलून घ्या, आणि पैसे ॲग्रीमेंटच्या दिवशी द्या. नुसतं घर दाखवायचे पैसे मागणाऱ्याबरोबर जाऊ नका.

आता एक गोष्ट, जी बोलायला लोक कचरतात. आमच्याकडे इस्त्रीला असणाऱ्या एका बाईंच्या मुलीला औषध कंपनीत नोकरी लागली. फोनवर "हो, रूम रिकामी आहे, या" म्हणणारे मालक दारात नाव ऐकल्यावर म्हणाले, कालच दिली. पुढच्या गल्लीत तेच. मुसलमान आहे म्हणून, हे त्या मुलीला आणि मला दोघींनाही कळत होतं. काही ठिकाणी आडनावावरून जात काढतात, काही ठिकाणी मटण खाता का विचारतात. हे चूक आहे आणि मला त्याचा राग येतो. पण पोरीला रात्री राहायला घर हवं असतं, म्हणून उपाय सांगते. पहिल्याच फोनवर पूर्ण नाव सांगा, म्हणजे नकार फोनवरच मिळतो, उन्हातान्हात फेरी वाया जात नाही. कंपनीतल्या माणसाच्या ओळखीने जा. मालक परगावी असणाऱ्या मोठ्या संकुलांमध्ये, जिथं सगळ्या राज्यांतली माणसं राहतात, तिथं मला कमी विचारणा झालेली दिसली. त्या मुलीला शेवटी अशाच ठिकाणी घर मिळालं, सोबत केरळची एक आणि लातूरची एक. मिळेपर्यंत तिच्याबरोबर कुणीतरी मोठं माणूस असू द्या. चार नकार एकटीने पचवणं जड असतं.

घर बघताना

पहिलं पाणी. आपण सोलापूरकर वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड येणारं पाणी साठवत आलोय, तरी पुण्याला गेल्यावर हा प्रश्न विचारायला विसरतो. पुण्याच्या कडेच्या भागांत, वाघोली, मांजरी, उंड्री, फुरसुंगीकडे, कितीतरी इमारती बोअर आणि टँकरवर आहेत. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून महापालिकेचं पाणी दिवसाआड येतं. म्हणून विचारा: महापालिकेचं कनेक्शन आहे का, टँकर उन्हाळ्यात किती लागतात, त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये आहेत की वेगळे. मालकाला विचारून झालं की तेच वॉचमनला विचारा. नळ सोडून बघा, वॉशिंग मशीन जिथं लावणार तिथला नळही. बोअरचं पाणी जड असेल तर गीझरच्या आणि नळाच्या तोंडावर पांढरा थर दिसतो.

मग खिडक्या, मोबाइलची रेंज, भिंतीची ओल, दाराची कडी. पावसाळ्याआधी बघताय तर वरच्या मजल्याच्या छताचे डाग बघा. मुलगी राहणार असेल तर रात्री साडेनऊला मुख्य रस्त्यापासून घरापर्यंत चालत जा. दिवे किती, दुकानं किती उघडी, हे पायानेच कळतं.

घासाघीस करताना आपल्याकडचे लोक नुसत्या भाड्यावर अडतात. भाडं पाचशेने कमी झालं तर उत्तम. नाही झालं तर बाकीचं मागा: डिपॉझिट तीनऐवजी दोन महिन्यांचं, मेंटेनन्स भाड्यातच, गीझर दुरुस्त करून, १ तारखेऐवजी ७ तारखेपासून भाडं, आणि पुढच्या वर्षी वाढ पाच टक्क्यांपेक्षा जास्त नाही हे लिहून. मालकाला भाडं वेळेवर आणि त्रास न होणं हवं असतं. जॉइनिंग लेटर, कंपनीचं ओळखपत्र, आधार समोर ठेवा. आई किंवा वडील एकदा प्रत्यक्ष भेटून आले की मालक बराच सैलावतो, हा माझा अनुभव आहे.

ॲग्रीमेंट

नोटरी केलेल्या कागदावर भागवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (ठराविक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा) करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे मालकाला धमकावायला नाही सांगत. "नोंदणी कशाला, उगाच खर्च" असं तो म्हणाला तर शांतपणे सांगता यावं म्हणून सांगते.

खर्च फार नसतो. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के असतं. ते करारभराचं एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं दहा टक्के वार्षिक व्याज यांच्या बेरजेवर लागतं. १४,००० भाडं ११ महिने म्हणजे १,५४,०००. डिपॉझिट ४०,००० असेल तर व्याज ४,०००. एकूण १,५८,००० वर शुल्क चारशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००, ग्रामीण भागात ५००. त्यावर ऑनलाइन कागदपत्र हाताळणीचे थोडे. यापेक्षा जास्त जे मागतात ती घरी अंगठ्याचं मशीन घेऊन येणाऱ्या एजंटची मजुरी आहे. ती मजुरी ठरवून घ्या आणि खर्च मालक-भाडेकरू निम्मा-निम्मा करा. अंगठे दोन साक्षीदारांचेही लागतात, त्यांना आधारसकट तयार ठेवा.

मसुदा सही करण्याआधी घरी व्हॉट्सॲपवर मागवून शांतपणे वाचा. लॉक-इन, म्हणजे मधेच घर सोडता न येण्याची मुदत, किती महिने, नोटीस किती, सोडताना रंगाचे पैसे कापणार का, किती, मेंटेनन्स कोण भरणार, दुरुस्ती कोण करणार. सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल मालकाकडून जे बिनभोगवटा शुल्क घेते, ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. ते मालकाचं देणं आहे, तुमच्या माथी मारू देऊ नका. मुदत संपायच्या आधी नवा करार करा. कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट भाडं वसूल होऊ शकतं. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देण्याचं काम मालकाने ऑनलाइन केलं का, तेही विचारा आणि त्याची प्रत ठेवा. पासपोर्टला, गॅसला, बँकेला पत्ता लागतो तेव्हा हे कागद उपयोगी पडतात.

भाडं नेहमी खात्यावर द्या आणि खाली महिना लिहा. रोख मागत असेल तर पावती. नोकरदार मुलांना जुन्या करपद्धतीत घरभाडे भत्त्याची सूट घ्यायची असेल आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर जात असेल, तर मालकाचा पॅन लागतो. हे ठरवतानाच बोला, मार्चमध्ये मागितलं की मालक तोंड फिरवतो.

सामान सोलापुरातून न्या. चादरी, सतरंजी, दोन पातेली, कुकर ट्रॅव्हल्सच्या डिकीतून जातात. कॉट, गादी, टेबल तिकडेच घर सोडून जाणाऱ्यांकडून घ्या, महिनाअखेरीस सोसायटीच्या ग्रुपवर लोक स्वस्तात देतात. गॅसचं कनेक्शन होईपर्यंत पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो.

चावी घेताना खोलीचा व्हिडिओ काढा. भिंतीवरचे डाग, फुटकी फरशी, पंख्याचा आवाज, मीटरचं रीडिंग, सगळं. तो व्हिडिओ त्याच दिवशी मालकाला पाठवा, नुसता आपल्या फोनमध्ये ठेवून उपयोग नाही. सोडतानाही तसाच काढा. नोटीस तोंडी न देता व्हॉट्सॲपवर तारखेसह लिहा, आणि शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळवायचं की वेगळं द्यायचं हे तेव्हाच ठरवून घ्या. चावी वॉचमनकडे ठेवून रात्रीची गाडी पकडू नका. मालकाला घरी बोलवा, दोघांनी मिळून खोली बघा, शेवटचं वीजबिल तिथंच वजा करा, आणि उरलेलं डिपॉझिट खात्यावर जमा झाल्याचा मेसेज आला की चावी त्याच्या हातात द्या.